कोचच्या यादीत नाव आहे का?

«माझी मुलगी अकरावीत आहे. आठ वर्षांची असल्यापासून स्क्वॉश खेळते, सतरा वर्षांखालच्या गटात सध्या देशात पहिल्या दहात आहे. दहावीला ९३ टक्के होते. न्यू जर्सीला माझे दीर असतात, त्यांचं म्हणणं की खेळ असला की हार्वर्ड-येलवाले मार्कांचं फारसं बघत नाहीत. इथला एक कन्सल्टंट अठरा लाखांत ‘आयव्ही लीग स्क्वॉश पॅकेज’ देतो म्हणतो, निम्मे पैसे आधी. ह्यांचं मत अगदी उलटं: रॅकेट ठेव आणि क्लासला बस. शाळेपासूनची सगळी सर्टिफिकेटं मी फायलीत लावून ठेवली आहेत, राज्य स्पर्धेची तर लॅमिनेटही केली आहेत. खेळामुळे तिची संधी नक्की किती वाढेल? पैसे भरावेत का?» — एक आई, कोथरूड

ताई, सुरुवात तुमच्या त्या फायलीपासूनच करते, कारण घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे खेळ आणि प्रवेश यांची गाठ कागदाने बांधलेली असते. जिल्हा खेळलात तर इतके, राज्य खेळलात तर इतके, राष्ट्रीय खेळलात तर त्याहून जास्त. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपासून सरकारी नोकरीतल्या पाच टक्क्यांपर्यंत हाच हिशेब. आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी जादा जागा ठेवल्या, तिथेही आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यायचं आणि मग खेळातल्या कामगिरीवर क्रम लागतो. थोडक्यात, खिडकीवर सर्टिफिकेट सरकवायचं आणि गुण घ्यायचे. अमेरिकेत त्या खिडकीवर कोणी बसलेलंच नाही. ‘राज्य स्तरावर तिसरी’ हे अर्जात लिहायला जागा असते, पण ते गाण्याच्या परीक्षा, नाटक आणि वृद्धाश्रमातल्या सेवेच्या रांगेत जाऊन बसतं. वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो.

खेळाने पारडं खरोखर फिरतं ते एकाच परिस्थितीत. त्या कॉलेजच्या, त्या खेळाच्या कोचला, त्या वर्षी तुमची मुलगी टीममध्ये हवी असली पाहिजे आणि त्याने ते प्रवेश कार्यालयाला तिचं नाव घेऊन सांगितलेलं असलं पाहिजे. अशा मुलांना तिकडे रिक्रूटेड ॲथलीट म्हणतात. बाकी सगळे नुसते खेळणारे अर्जदार.

आता तुमच्या दिरांचं बोलणं. ते हवेत बोलत नाहीयेत. हार्वर्डवर वंशाधारित प्रवेशावरून जो खटला झाला, त्याची सुनावणी २०१८ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात चालली आणि एरवी कुलूपबंद असणारे प्रवेशाचे आकडे त्यात बाहेर आले. रिक्रूट झालेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, बाकीच्यांना सहाच्या आसपास. अर्जदारांत हे खेळाडू एक टक्काही नव्हते, पण प्रवेश मिळालेल्यांत दहा टक्क्यांच्या वर होते. हार्वर्ड अभ्यासाला १ ते ६ अशी श्रेणी देतं, १ सर्वांत वरची. त्यात ४ मिळालेल्या साध्या अर्जदाराला प्रवेश मिळण्याचं प्रमाण ०.०७६ टक्के, म्हणजे हजारात एकही नाही. तीच ४ श्रेणी असलेल्या रिक्रूटला मिळण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्के. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार करायला बंदी घातली, पण खेळाडूंच्या या दाराला हातही लागला नाही.

हा न्याय आहे का? माझ्या मते नाही. स्क्वॉश, रोइंग, फेन्सिंग, सेलिंग हे खेळ कुठल्या घरातली मुलं खेळतात ते सांगायला नको. पण तुम्ही मला न्यायाबद्दल विचारलेलं नाही, मुलीबद्दल विचारलंय.

तर हा ८६ चा आकडा बघून हुरळून जाऊ नका. हा आकडा ताट वाढून झाल्यावर मोजलेला आहे. रिक्रूट म्हणून अर्ज येतो तेव्हा आधीचं वर्षभर कोचने शेकडो मुलं पाहून, त्यांचे सामने पाहून, मार्क मागवून, प्रवेश कार्यालयाला कागद दाखवून, ‘ही चालेल का’ विचारून झालेलं असतं. ज्यांना तिथून नकार आला त्यांची नावं या ८६ च्या हिशेबात धरलेलीच नाहीत. खरी गाळणी अर्जाच्या आधी लागते. त्यामुळे ‘खेळामुळे संधी किती टक्के वाढेल’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोचच्या यादीत नाव असेल तर प्रचंड. नसेल तर जवळजवळ शून्य. मधलं काही नाही, आणि कन्सल्टंट लोकांचा धंदा त्या नसलेल्या मधल्या जागेवरच चालतो.

मग यादीत किती नावं मावतात? अमेरिकन कॉलेजांच्या स्क्वॉशमध्ये एका लढतीत नऊ जणी खेळतात. राखीव धरून टीम बारा-चौदांची. शिक्षण चार वर्षांचं, म्हणजे दरवर्षी साधारण तीन जागा मोकळ्या होतात. त्या तिघींत इजिप्त, मलेशिया, इंग्लंड आणि खुद्द अमेरिकेतल्या मुली आल्या. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ जुन्या, नामांकित कॉलेजांचा गट, पण त्यातल्या ब्राउनने २०२० मध्ये स्क्वॉशची मुख्य टीम बंद करून तिला क्लबचा दर्जा दिला, तेव्हा उरली सात. सात त्रिक एकवीस. जगभरातून एकवीस मुली, आणि तुमची लेक भारतात पहिल्या दहात. हे वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पण दिरांना वाटतं तितकं सोपंही नाही.

मात्र आयव्ही म्हणजेच अमेरिका असं धरून बसू नका. स्क्वॉशच्या जगात ज्याचं नाव आदराने घेतात ते कनेक्टिकटमधलं ट्रिनिटी कॉलेज आयव्हीत नाहीच. त्यांच्या मुलांच्या टीमने १९९८ पासून २०१२ पर्यंत सलग २५२ लढती जिंकल्या, आणि त्या टीममध्ये भारतातून गेलेली पोरं होती. शिवाय विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन, मिडलबरी, बेट्स ही लहान कॉलेजं आहेत. आपल्याकडे यांची नावं लग्नाच्या बायोडेटात चमकत नाहीत एवढाच काय तो दोष. लहान कॉलेजात खेळाडूंचं प्रमाणही जास्त असतं. ॲमहर्स्टमध्ये तर सुमारे एक तृतीयांश मुलं कुठल्या ना कुठल्या कॉलेज टीममध्ये असतात.

‘मार्कांचं बघत नाहीत’ हे मात्र दिरांनी सोडून द्यावं. आयव्हीमध्ये प्रत्येक रिक्रूटचा एक ॲकॅडेमिक इंडेक्स काढतात, मार्क आणि सॅट (तिकडची प्रवेशासाठीची परीक्षा) मिळून एक आकडा. त्याला खाली एक रेघ आहे. शिवाय सगळ्या खेळाडूंची सरासरी कॉलेजातल्या इतर मुलांपासून ठरावीक अंतराच्या आत राहावी लागते. म्हणून कोच सतत बेरीज-वजाबाकी करत असतो. एखादी फार भारी खेळणारी पण अभ्यासात बेताची मुलगी घ्यायची तर तिचं वजन तोलायला दुसरी हुशार लागते. तुमची लेक ती दुसरी असू शकते. तिचे चांगले मार्क कोचसाठी चक्क सोय आहेत.

इथे मला तिच्या अकरावीची काळजी वाटते. ती कुठल्या कॉलेजात आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण आपल्याकडे अकरावी म्हणजे कोणी ढुंकून न बघण्याचं वर्ष. त्यातून इंटिग्रेटेड कॉलेज असेल तर हजेरी कागदावर, परीक्षा नावापुरती, सगळा जीव एन्ट्रन्सच्या क्लासात. अमेरिकेत नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, आणि कोच जेव्हा प्रवेश कार्यालयाकडे कागद नेतो तेव्हा त्यात सगळ्यांत ताजं पान अकरावीचंच असतं. त्या पानावर ५८ टक्के असतील तर ‘आमच्याकडे अकरावीला असंच असतं’ हे तिकडच्या माणसाला कोण समजावणार? तेव्हा यंदाच्या कॉलेजच्या परीक्षा तिने बोर्डासारख्या द्याव्यात. सॅटही बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत झालेली असू द्या. काही कॉलेजं ती ऐच्छिक ठेवतात, पण कोचला आकडा लागतोच.

आता कामाची रीत. कोच तुमच्या मुलीला शोधत कोथरूडला येणार नाही. तिने त्याला लिहायचं. ताई, तिने. तुम्ही नाही, तिच्या बाबांनी नाही आणि पॅकेजवाल्याने तर मुळीच नाही. मेल दहा ओळींचा पुरतो: मी कोण, कुठल्या साली बारावी होणार, देशातलं आणि आशियातलं ज्युनियर रँकिंग, मार्क, पुढच्या सहा महिन्यांत कुठे खेळणार, आणि तुमच्याच कॉलेजात का यायचंय. सोबत एका अख्ख्या सामन्याचा व्हिडिओ, तोही शक्यतो हरलेल्या. गाणं लावून, निवडक फटके चिकटवून केलेली क्लिप कोच अर्ध्या मिनिटात बंद करतो. त्याला दोन गेम मागे पडल्यावर मुलगी कोर्टाच्या मध्यावर परत येते की भिंतीला टेकते हे बघायचं असतं. रेफरीने ‘लेट’, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायची मागणी, नाकारल्यावर तिचा चेहरा कसा होतो तेही.

उत्तर आलं तर पुढे व्हिडिओ कॉल, आपल्या रात्री साडेनऊ-दहाला. त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात असा. मी पाहिलंय, आई कॅमेऱ्याच्या कडेला बसून ओठांनी उत्तरं सांगते आणि मुलाचे डोळे सारखे तिकडे वळतात. समोरच्याला ते दिसतं. त्याला या मुलीबरोबर चार वर्षं बसने प्रवास करायचाय, तिच्या आईबरोबर नाही.

आणि प्रत्यक्ष खेळताना दिसणं हवंच. डिसेंबरातली अमेरिकन ज्युनियर ओपन फिलाडेल्फियाला आणि जानेवारीतली ब्रिटिश ज्युनियर ओपन बर्मिंगहॅमला, या दोन ठिकाणी कॉलेजांचे कोच गॅलरीत वही घेऊन बसलेले असतात. एका फेरीला दोघींचा खर्च तीन-चार लाखांच्या घरात जाईल. अठरा लाख जर बाजूला काढलेच असतील, तर त्यातले चार इथे घाला.

यापुढची गोष्ट नीट वाचा, कारण इथे शहाणीसुरती माणसं फसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ठाण्याचा एक मुलगा आला होता, स्क्वॉशवालाच. हातात एका कोचच्या चौदा मेलची छापील चळत. ‘तुझा खेळ आवडला.’ ‘टीमला तुझ्यासारखा हवाच.’ ‘तू जरूर अर्ज कर, आम्हाला आनंद होईल.’ मुलाने त्या कॉलेजला बांधील अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा लवकरचा अर्ज केला आणि डिसेंबरच्या मध्याला नकार आला. मी चौदाही मेल वाचले. एकातही कोच प्रवेश कार्यालयाशी बोलल्याचा, बोलणार असल्याचा शब्द नव्हता. कोच खोटं बोलला नव्हता. तो गोड बोलला होता. तीन जागांसाठी त्याला दहा पोरं गरम ठेवावी लागतात, कारण वरची तीन दुसरीकडे गेली तर चौथं लागतं. हा मुलगा बहुधा सहावा होता.

म्हणून तुमच्या लेकीने योग्य वेळी सरळ विचारायचं: «माझ्या अर्जासाठी तुम्ही प्रवेश कार्यालयाकडे तुमची एक जागा वापरणार आहात का?» आपल्या मुलांना हे उद्धटपणाचं वाटतं. तिकडे ते रोजचं आहे, कोच उलट सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर ‘हो’ असेल तर तो लगेच मार्कलिस्ट आणि सॅटचा निकाल मागेल, कारण बारावी सुरू होते त्या वर्षीच्या १ जुलैपासून ते प्रवेश कार्यालयाला आगाऊ वाचायला देता येतात. त्याला प्री-रीड म्हणतात. तिथून हिरवा कंदील आला, कोचने स्पष्ट शब्द दिला, की मुलगी नोव्हेंबरात त्याच एका कॉलेजला लवकरचा अर्ज करते. आयव्ही कॉलेजं १ ऑक्टोबरपासून पुढे लाइकली लेटर पाठवू शकतात. ‘तुमचा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे’ असं छापील पत्र, कोचच्या नव्हे, प्रवेश कार्यालयाच्या सहीचं. ते हातात येईपर्यंत पेढे आणू नका. आणि प्रश्नाला उत्तर ‘बघू या’, ‘तू अर्ज तर कर’ असं आलं, तर तो ‘नाही’ समजून पुढच्या कॉलेजाकडे वळायचं. एमआयटीसारख्या ठिकाणी तर कोचकडे अशा जागाच नसतात, तो फार तर चांगला शब्द टाकतो.

पॅकेजबद्दल. अठरा लाखांत काय काय मिळणार ते मी तुमच्या पत्रात शोधत होते, पण सापडलं नाही. अशा पॅकेजात बहुधा असतं ते हे: मेल लिहून देणं, कॉलेजांची यादी, निबंध आणि ‘कोचशी संपर्क’. पहिली तीन कामं मुलगी आणि शाळेतली एखादी चांगली शिक्षिका करू शकतात, फार तर काही हजारांत कोणाची मदत घ्या. चौथं विकण्याजोगं नाही. कोचांचे मेल पत्ते कॉलेजांच्या संकेतस्थळावर उघडे असतात. कन्सल्टंट जर ‘कोचशी आमचं आतून आहे’ म्हणत असेल तर तिथून चपला घालून निघा. अमेरिकेत रिक सिंगर नावाचा माणूस हेच म्हणायचा, समोरचं दार आणि मागचं दार सोडून आपलं बाजूचं दार. कोचना पैसे चारून, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवून त्याने पोरं आत घातली. मार्च २०१९ मध्ये हे फुटलं, कोच पकडले गेले, आईबाप तुरुंगात गेले, आणि सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुमचा माणूस तसा आहे असं मी म्हणत नाही. पण निम्मे पैसे आधी आणि हमी तोंडी, हे मला आवडलेलं नाही.

पैशाचा दुसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, बहुधा दिरांनी ‘स्कॉलरशिप मिळते’ सांगितलं असेल. आयव्ही लीग खेळासाठी एक डॉलरही शिष्यवृत्ती देत नाही. ॲमहर्स्ट-विल्यम्ससारखी, तिकडच्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातली (डिव्हिजन थ्री) कॉलेजंही देत नाहीत. राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. पण घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि ती भरघोस असू शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलांनाही ‘पैसे मागितलेस का’ हे न बघता प्रवेश ठरवतात आणि गरजेइतकी पूर्ण मदत देतात. कोलंबिया, कॉर्नेल, पेन यांच्याकडे परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर ते प्रवेश ठरवताना मोजलं जातं. पुण्यातल्या नोकरदार घराच्या दृष्टीने यादी या रेघेवरून करा, रँकिंगवरून नको. हार्वर्डने तर २०२५-२६ पासून वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या, फार मालमत्ता नसलेल्या कुटुंबांचा सगळाच खर्च उचलायचं ठरवलं आहे. डॉलरचे रुपये करून बघा, तुम्ही कुठे बसता ते. दुसरा फ्लॅट असेल तर तो मात्र विचारतात.

यात एक चांगली गोष्ट दडलेली आहे. मदत खेळावर टांगलेली नसल्यामुळे दुसऱ्या वर्षी गुडघा गेला, किंवा टीम सोडावीशी वाटली, तर प्रवेशही जात नाही आणि पैसेही थांबत नाहीत. खेळाच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांनी टीम सोडली तर त्यांचे पैसे थांबू शकतात.

तुमच्या ह्यांना खलनायक करू नका. त्यांची भीती खरी आहे: दोन वर्षं गेली, कोचने ऐन वेळी हात वर केले आणि इकडची एन्ट्रन्सही बुडाली, तर? म्हणून इथला एक रस्ता उघडा ठेवा. पण रॅकेट ठेवून क्लासला बसवलं तर तिच्याकडे इतर लाखो मुलांकडे आहे तेच उरेल. आणि खेळ तिथे जाऊन संपतो असंही नाही. इजिप्तचा अली फराग हार्वर्डमधून इंजिनिअर होऊन पुढे जगज्जेता झाला. आपला रमित टंडन कोलंबियात शिकला, न्यूयॉर्कला नोकरी केली आणि परत येऊन भारतासाठी खेळला. शिवाय स्क्वॉश आता २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आहे. तो निर्णय झाला कुठे, तर २०२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईतल्या बैठकीत.

एक राहिलं. तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, ह्यांचं आहे, कन्सल्टंटचं आहे, तुमचं तर आहेच. तिचं कुठेय? कॉलेजात रोज दोन-तीन तास सराव असतो, ऐन हिवाळ्यात सीझन, शुक्रवारी वर्ग संपवून बसमध्ये बसायचं आणि बर्फातून डार्टमथला जाऊन खेळून यायचं, सोमवारी परीक्षा. आठव्या वर्षापासून खेळणाऱ्या कित्येक मुली सतराव्या वर्षी आतून दमलेल्या असतात आणि घरच्यांनी केलेला खर्च आठवून बोलत नाहीत. तिला विचारा, पण जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. क्लबवरून परत येताना गाडीत विचारा, त्या वेळी तुम्ही दोघीच असता. ‘नको’ म्हणाली तर वरचं सगळं रद्द, आणि तुमचे अठरा लाख वाचले.

‘हो’ म्हणाली तर या रविवारी तिला पहिला मेल लिहू द्या. इंग्रजी तपासून द्या हवं तर, पण पाठवायचं बटण तिचं तिला दाबू दे. आणि लॅमिनेशन आता पुरे.